देवीच्या कोंबड्याला कडू औषध

किकवी
संक्रांतीनंतरचा बुधवार, १९५८

दादा,

नमस्कार लिवायचा रिवाज हाय म्हणून लिवते. मनातनं येत न्हाई, पर थोरल्या भावाला हात न जोडता पत्तर धाडलं असं कुणी म्हणाय नको. झाला नमस्कार.

मी आक्काबाई. तुमच्या पाठची बहीण. वळख सांगते, कारण वाडीच्या बैठकीत तुमी असं खाली बगून बसला व्हता की मला जल्मात कदी बगितलंच न्हाई.

मी हितं सखूच्या सासरी हाय. मालक गेल्यावर वाडीत येऊन ऱ्हायले, चार कोंबड्या आणि दोन शेळ्यांवर पोट भरलं, तुमच्या दारात कदी पदर पसरला न्हाई. आता उतारवयात लेकीच्या सासरचं अन्न खायची पाळी आणली तुमी. सावळाराम जावई भला माणूस. "मामी, घर तुमचंच हाय," म्हणतो. तो तसं म्हणतो तवा मी पानातली भाकरी निम्मी करून ठेवते.

अक्षर माजंच हाय. वाडीत साक्षरतेचा वर्ग आला तवा तुमी हसला व्हता, "आक्का आता मामलेदार व्हणार!" मामलेदार न्हाई झाले. पर माजं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या हातानं लिवायची गरज ऱ्हायली न्हाई.

आता पयल्यापासनं लिवते. तुमाला ठावं न्हाई म्हणून न्हवं. तुमाला समदं ठावं हाय आणि तुमी मूग गिळून बसलाय, म्हणून.

पावसाळ्यात बाज्याला रानात फुरसं चावलं. तरणाताठा लेक तुमचा, एकुलता एक, पाय सुजून ग्लानीत पडला. तुमी देवीला बोलला, पोरगं उठलं तर तुज्या नावानं कोंबडा सोडीन. पोरगं उठलं, तुमी कोंबडा सोडला. हितवर मलाबी आनंदच हाय. बाज्या माज्या मांडीवर वाढलाय.

देवीच्या कोंबड्याला हाकलायचं न्हाई, मारायचं न्हाई, झाकायचं न्हाई, आणि त्याच्या चोचीत कडू घालायचं न्हाई. वाडवडलांपासनं ह्ये चालत आलंय. तो दाराशी आला की दाणं टाकायचं, घरातल्या पोरांना असो नसो. तसा तो घरोघर फिरला, समद्यांच्या उकिरड्यावर चरला, समद्यांच्या कोंबड्यांत रमला.

आणि कार्तिकात तो मरगळला. तुरा काळानिळा पडला, हिरवं पाणी हगाय लागला. दिवेलागणीला तुमी त्याला घोंगडीच्या खोळंत घालून माज्या दारात आला. काय बोलला त्ये मी लिवते. "आक्के, ह्याला वाचीव. ह्ये मेलं तर माजा बाज्या जाईल."

मी म्हणले, दादा, देवीच्या कोंबड्याला कडू चालत न्हाई.

तुमी म्हणला, "देवीचं मी बगून घीन. तू दे."

म्या कुड्याची साल उकळली, लसूण ठेचला, नाचणीच्या पिठात काढा मळून गोळ्या केल्या. चोच कुणी उघडून धरली? तुमी. गोळी कुणी सारली? म्या. दोघांनी केलं, दादा. आणि म्या बजावलं व्हतं, तो बरा दिसला तरी आवस होईस्तवर डालग्याखाली ठेवा, दुसऱ्या पाखरांत सोडू नका. तुमी व्हय म्हणला.

तो उठला, आरवला. लोकांनी इचारलं, "देवीचा कोंबडा दिसत न्हाई त्यो?" की लगेच सकाळी तुमी त्याला मोकळा केला. झाकलेला दिसला असता तर अब्रू गेली असती न्हवं!

मग तुमच्याच खुराड्यात पयली मर लागली. कोंडावैनीच्या अंडी द्यायला आलेल्या तलंगा गेल्या. मग खालच्या आळीत. जिनं बोलावलं तिच्या घरी मी गेले, गोळ्या चारल्या. काही जगल्या, लई मेल्या. तेवढ्यात पंचातल्या चिमाजीला देवीच्या कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांत चिकटून सुकलेलं काढ्याचं पीठ दिसलं, आणि झालं! देवीच्या पाखराला कडू घातलं म्हणून देवी कोपली. घातलं कुणी? गोळ्या करते ती एकच बाई वाडीत.

बैठकीत समदी माज्याकडं बगाय लागली. मी तुमच्याकडं बगितलं. मी तवाच का बोलले न्हाई, म्हणाल. बोलले असते तर म्हणाली असती, भावावर ढकलते. आणि खरं सांगते, मला वाटलं तुमी आता उठाल, आता बोलाल. तुमी काडीनं भुईवर रेघा मारत व्हता. माजा विस्तव बंद झाला, पाणी बंद झालं, आणि तुमी रेघा मारत व्हता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणत्यात त्ये ऐकलं व्हतं. फाशीचा दोर सख्खा भाऊ वळंल ह्ये ठावं नव्हतं.

मला दुसरं काय नको. वाडीपुढं उभं ऱ्हा आणि म्हणा, कोंबडा मी नेला, चोच म्या धरली. एवढं म्हणा. मी माज्या घरी येते.

आक्काबाई


किकवी
महाशिवरात्र झाल्यावर

दादा,

तुमचं पत्तर पोचलं. चार वळी. त्या चार वळींनी अंगाची लाही लाही झाली. तुमी लिवता, "झालं गेलं गंगंला मिळालं. चैत्रात जत्रंला ये. देवीपुढं कोंबडं आणि नारळ ठिव, चुकले म्हण. मंडळींना मी समजावतो."

मी चुकले म्हणू? वा दादा वा! करायचं दोघांनी, निस्तरायचं एकटीनं, आणि वर उपकार तुमचं! मंडळींना समजावतो म्हणं. समजवायची येळ व्हती तवा हातात काडी व्हती तुमच्या.

हितल्या शाळंचं मास्तर सांगत व्हतं, वाळीत टाकणं आता गुन्हा हाय, मुंबई सरकारानं तसा कायदा केलाय, अर्ज करा. म्या न्हाई म्हणले. मला तुमच्या हातात बेड्या बगायच्या न्हाईत. मला तुमचं तोंड उघडलेलं बगायचंय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, दादा.

हितं आणखी एक वाईट झालंय. सावळारामानं सरकारी योजनेतनं विलायती पांढऱ्या कोंबड्या घेतल्यात. दिसाय देखण्या, पर नाजूक, वारा लागला तरी अंग चोरणाऱ्या. त्यांची अंडी यष्टीनं पुण्याला जात्यात, त्याच्यावर त्यानं घराचं समदं गणित मांडलंय. मी येताना डालग्यात माजी चंद्री आणली व्हती. आपल्या साथीतनं वाचलेली, माज्या काढ्यानं उठलेली. साथीतनं वाचलेली कोंबडी म्हंजी आपल्याकडं लक्षुमी. अंड्यांवर तीच बसवायची, शेजारणीबी मागून नेणार, दारात आली तर हळदीकुंकू लावणार. म्या मोठ्या कौतुकानं तिला पांढऱ्यांत सोडली. म्हणलं, हिच्या पायगुणानं ह्यांचंबी भलं व्हईल.

आणि आता त्या पांढऱ्यांना तीच हिरवी हगवण लागली. तेच काळं पडलेलं तुरं. सावळाराम भोरला गुरांच्या दवाखान्यात पळाला. औषधाची पूड संपलीया, पुण्यासनं आली की डॉक्टर घेऊन येतील, म्हणाली तिथली माणसं. तवर काय करायचं? तवर वाट बगायची! कोंबडीनं मरायचं थांबवून वाट बगायची!

सखू डोक्याला हात लावून बसली. म्या गाठोड्यातली साल काढली. मायलेकी सकाळ-सांज पाखरं धरतोय, चोची उघडतोय, गोळ्या सारतोय. हातांना काढ्याचा वास चिकटून बसलाय, भाकरीलाबी कडू लागतो. निम्म्या उभ्या ऱ्हायल्या, निम्म्या गेल्या. खोटं कशाला लिवू? माजा काढा म्हंजी अमृत न्हाई. जी अजून दाणा टिपती तिला आशा हाय. जिनं मान टाकली ती उठत न्हाई. आणि पाखरांची मान पिळवटून टाकणारी मानमोडीची साथ असंल तर काढ्याच्या फंदातच पडू नये, ह्ये म्या वाडीतबी वरडून सांगितलं व्हतं.

पर एक कोडं मला सुटंना. हितं शेजारीपाजारी कुठंच मर न्हाई. मग ह्या पिंजऱ्यातल्या पाखरांना रोग आला कुठनं?

जत्रंला मी येणार न्हाई. निदान नारळ घेऊन न्हाई.

आक्काबाई


किकवी
धुळवडीच्या दुसऱ्या दिशी

दादा,

आज मी भांडाय बसले न्हाई. राग हाय तिथंच हाय, पर आज तो बाजूला ठेवते. आदी समदं वाचा.

डॉक्टर आले एकदाचे. तरणे हायती, चष्मा घालत्यात, सायकलीवरनं आले. पाण्यात पांढरी पूड कालवून कोंबड्यांना पाजली. सल्फा म्हणत्यात तिला. मग माज्या गोळ्या हातात घेऊन वास घेतला, जिभंला लावून थू थू केलं. मी म्हणले, "साहेब, हसा. गावठी हाय."

"हसत नाही, आजी," म्हणाले. "कुडा हगवणीला चालतो हे पुस्तकातही आहे. तुम्ही वाचवलेल्या कोंबड्या डोळ्यांनी बघतोय. पण हा रोग आणला कुणी, ते आधी बघू."

आणि पांढऱ्यांतनं फिरत फिरत ते चंद्रीपाशी थांबले. "ही कुठली?" मी मोठ्या दिमाखानं सांगितलं, ही साथीतनं उठलेली, माज्या औषधानं. डॉक्टरांनी तिला उचलून पोट चाचपलं. मग इचारलं, "अंडं देते?" म्हणले, हितं आल्यापासनं न्हाई, जागा बदलली म्हणून रुसलीया.

"आजी, ही बरी झालीच नाही," म्हणाले. "वरचा आजार ओसरला, रोग पोटातच राहिला. असं पाखरू दिसतं धडधाकट, पण त्याच्या विष्ठेतून रोग बाहेर पडतच राहतो. तिच्या अंड्यातून पिल्लांनाही जातो. औषध तुमचं असो की माझी पूड, त्यातून जगलेल्या पाखराचा भरवसा नाही."

माजा इश्वास बसंना. मी भांडले त्यांच्याशी. मग म्हणाले, "मारून दाखवू का?" चंद्रीला म्या पिल्लापासनं वाढवली व्हती. मी तोंड फिरवलं आणि व्हय म्हणले. त्यांनी पोट उघडून दाखवलं. अंड्यांचा घोस वाळल्या बोरांसारखा सुरकुतून काळा पडलेला. अशी कोंबडी मी लक्षुमी म्हणून जावयाच्या घरात आणली, दादा. मी रडले. डॉक्टरांपुढंच रडले.

मग त्यांच्यावरबी उखडले. म्हणलं, "साहेब, एवढं समदं ठावं हाय तर आमच्या पासलीच्या डोंगरात कोण येतं सांगायला? पूड भोरात आणि कोंबडी डोंगरात! तुमची पूड चढ चढंस्तवर आमच्या वाडीतलं शेवटचं पिसूक उडून जातं."

ते म्हणाले, "खरंय तुमचं. जिथवर रस्ता तिथवरच आमचं औषध. तोवर तुमचा कुडा चालू द्या. पण जगलेली पाखरं कळपात पुन्हा सोडू नका. वेगळी ठेवा, नाहीतर मारून पुरा."

आता कळलं मी का लिवतेय? तुमचा तो देवीचा कोंबडा. तो म्हंजी चंद्रीच हाय, नुसता तुरा मोठा. मी आवशीपतूर झाका म्हणले त्येबी कमीच व्हतं, मलाबी तवा एवढंच ठावं व्हतं. तो जगला, आणि तवापासनं घरोघर दाणं खातोय आणि रोग टाकतोय. देवी कोपली न्हाई. देवीच्या नावानं तुमी रोग हिंडवताय.

दादा, तुमाला कशाचं भ्या हाय त्ये मला ठावं हाय. कोंबडा गेला तर बाज्या जाईल. मलाबी त्या सांजेला क्षणभर तसंच वाटलं व्हतं, म्हणून तर रिवाज मोडून म्या गोळी सारली. पर बाज्या देवीनं वाचवला असंल तर देवी काय कोंबड्याच्या चोचीवर नजर ठेवून बसलीया व्हय? एवढी हलक्या मनाची हाय का आपली देवी?

त्याला कोंडा, झाका, काय बी करा. वाडीत फिरू देऊ नका. ह्ये पत्तर पोचलं की लगेच.

आक्काबाई


किकवी
पाडवा

दादा,

आज गुढी उभारली सखूनं. माज्या तोंडात लिंबाचा पाला घातला आणि मी म्हणले, ह्याच्यापरीस कडू खाऊन बसलेय मी, आण आणखी.

कोंडावैनी येऊन गेली. माहेरी जाते असं वाडीला सांगून यष्टीत बसली आणि हितं उतरली. मला बगून तिला हुंदका आवरंना. तिच्याकडनं समदं कळलं. वाडीत पुन्हा मर लागलीया. अंबूबाईचं खुराडं रिकामं झालं. धोंडाबाईनं उरलेल्या दोन कोंबड्या घरात, उशाशी बांधल्यात. आणि तो कोंबडा अजून मोकळाच हाय. माजं शिमग्याचं पत्तर तुमाला पोचलंय. तुमी वाचलंय. वाचून चुलीत घातलंय. वैनीनं डोळ्यांनी बगितलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी म्या गिळलं असतं. पर वैनीनं दुसरंबी सांगितलं. देवळापुढं मंडळी जमली तवा चिमाजीनं इचारलं, "रायबा, पुन्हा मर का रं लागली?" आणि तुमी म्हणला, "आक्का माफी मागाय आली न्हाई, म्हणून देवी शांत व्हईना."

दादा, आजपतूर तुमाला कदी अरंतुरं केलं न्हाई. आज करते. तुला लाज कशी वाटली न्हाई रं? तुज्या जिभंला हाड न्हाई का? बैठकीत तू गप बसलास, त्याला म्या भ्या म्हणलं. भ्यालेल्या माणसाला माफ करता येतं. पर आता तू गप न्हाईस, आता तू बोललास, आणि जे बोललास त्ये खोटं. आईच्या पोटी एकाच जागी जल्मलो आपण, आणि तू माज्यावर देवीचा कोप घालतोस!

आणि त्याच रातीला तूच वैनीला सांगितलंस, "आक्कीकडनं कुड्याची साल घेऊन ये. माजं नाव काढू नको." गरज सरो वैद्य मरो म्हणत्यात. तू त्याच्याबी पुढं गेलास. वैद्याला मारलंस आणि मढ्याकडं औषध मागाय बायको धाडलीस.

वैनीला म्या रिकाम्या हातानं धाडलं न्हाई. तुज्यासाठी न्हाई हां. पाखरांचा काय गुन्हा? साल दिली, उकळायची कशी त्ये समोर बसवून शिकवलं, गोळी वळायला लावली. तिच्या हातची पयली गोळी जाड झाली, दुसरी बरी जमली.

जाताना ती म्हणाली, बाज्या सारखं इचारतो, "आत्यानं असं का केलं?" म्हंजी पोरालाबी तू खरं सांगितलेलं न्हाई. ज्याच्या जिवासाठी म्या देवीचा रिवाज मोडला, ते पोरगंच मला दोष देतंय. ह्ये मला समद्यांत जास्त लागलं. विस्तव बंद केला तवा लागलं न्हाई एवढं.

आता पाकिटात घालून तुला लिवणार न्हाई. पाकीट चुलीत जातं.

आक्का


(उघडं कार्ड)

किकवी
जत्रंच्या आदल्या सोमवारी पोचावं म्हणून लवकर टाकलं

मु. टेपाची वाडी, पासली. रायबा यांस, आणि समद्या वाडीस.

भिमा पोस्टमन, तुमी कार्ड वाचल्याबिगर कुणाला देत न्हाई, ह्ये समद्यांना ठावं हाय. आज लपूनछपून वाचू नका. देवळापुढं उभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचा. अक्षर बारीक हाय, जागा थोडी हाय.

देवीच्या कोंबड्याला कडू म्या घातलं. व्हय, घातलं. कोंबडा घोंगडीत घालून माज्या दारात रायबादादानं आणला. चोच दादानं धरली. त्याला पोराच्या जिवाचं भ्या वाटलं. भ्या वाटणं पाप न्हाई. तुमच्यातल्या कुणाच्याबी पोराला फुरसं चावलं असतं तर तुमी तेच केलं असतं, आणि म्याबी गोळी तशीच सारली असती. पर त्याचं पाप बहिणीच्या माथी मारलं, ह्ये मात्र पाप हाय.

बाज्या, तू ऐकत असशील. तुज्या बानं तुज्यापायी केलं, आत्यानंबी तुज्यापायीच केलं. तू कोंबड्याच्या जिवावर जगत न्हाईस. तू तुज्या जिवावर जगतोस. पोरा, निर्धास्त ऱ्हा.

बायांनो, आता तुमी ऐका. कुणाच्या दारात चोरून जायची गरज न्हाई. कुडा आपल्याच रानात हाय. साल चाटून बगा, कडूजहर लागली तरच घ्या. गोडा कुडा कामाचा न्हाई. मूठभर साल तांब्याभर पाण्यात निम्मं पाणी ऱ्हाईस्तवर उकळा, ठेचलेला लसूण घाला, नाचणीच्या पिठात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. कोंबडी दाणा टिपतेय तवरच द्या. अडलं तर कोंडावैनीला इचारा, तिला येतं. समद्या जगणार न्हाईत, मला नंतर शिव्या देऊ नका. आणि जी जगंल तिला हळदीकुंकू लावू नका, अंड्यांवर बसवू नका, शेजारी देऊ नका. तिला वेगळी कोंडा. तिच्या पोटात रोग ऱ्हातो. मी माजी चंद्री अशीच लक्षुमी म्हणून मिरवली आणि जावयाचं खुराडं निम्मं केलं.

ऱ्हायला देवीचा कोंबडा. भोरचे डॉक्टर म्हणाले, मारून पुरा. म्या म्हणले, ते आमच्यात व्हणार न्हाई. तुमी म्हणता, देवीचं पाखरू झाकायचं न्हाई. बरं, झाकू नका. देवळाच्या पाराभोवती कारवीच्या काठ्यांचा चांगला उंच कूड घाला आणि त्याला आत सोडा. आभाळ उघडं, देवी समोर, दाणं वाडीनं आळीपाळीनं टाकायचं, आणि आमच्या कोंबड्या कुडाच्या भाईर. देवीचा हाय न्हवं त्यो? मग देवीपाशी ऱ्हाऊ द्या. आमच्या उकिरड्यावर त्याचं काय काम?

कुडाची पयली मेढ रायबादादानं ठोकावी. समद्यांच्या देखत ठोकावी, आणि ठोकताना सांगावं की भिमानं वाचलं त्ये खरं हाय. मेढ ठोकली की मला सांगावा धाडा. त्याच दिशी यष्टी धरते.

माफी मागाय न्हाई. माज्या घरात ऱ्हायाला.

आक्काबाई